शरदातला शिवडा

घट बसतात, परतीच्या पावसाचे शेवटचे दोन-चार सडाके होऊन जातात आणि सीमाभागातल्या नद्यांचं पाणी निवळायला लागतं. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या चौघीही आषाढ-श्रावणात सह्याद्रीची तांबडी माती घेऊन दुथडी धावतात; तेव्हा पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. ऑक्टोबर मध्यावर आला की गुडघाभर पाण्यातला गोटा स्पष्ट दिसू लागतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पावसाळ्यासाठी काढून ठेवलेले बरगे पुन्हा खाचांत बसवायला सुरुवात होते आणि एकेका बंधाऱ्यामागं डोह तुंबत जातो. हिडकलच्या राजा लखमगौडा धरणात 51 टीएमसी पाणी मावतं. ते भरलं की हुक्केरी तालुक्यातल्या घळी, ओढे, काठची पडीक रानं यांत पाणी आत आत शिरतं. उन्हाळ्यात उघडं पडणारं जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर या दिवसांत पाण्याखाली गेलेलं असतं.

नेमक्या याच दिवसांत निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव इथले गळाचे शौकीन गट करून बाहेर पडतात. शनिवारी दुपारी दुकान, शाळा किंवा कारखान्यातली पाळी उरकायची, गाडीच्या टपावर रॉड बांधायचे, तवंदीचा घाट उतरून संकेश्वरच्या बाजूला लागायचं, रात्र पाण्याकाठी काढायची आणि रविवारी जेवणवेळेपर्यंत घर गाठायचं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, काळ्या रानात तंबाखू आणि गाडीत मराठी-कानडी एकाच वाक्यात मिसळून चाललेली माशांची चर्चा. पिशवीभर मासे आणणं हा या सहलीचा हेतू नसतो. तेवढे बाजारात स्वस्तात मिळतात. एक मासा हवा असतो: मोठा, जुना, पाहताक्षणी गप्प व्हायला लावणारा.

तो या दिवसांतच का मिळतो, हे समजून घेतलं तर गळ कुठं टाकायचा हे कळतं. आणि मासा हाती लागल्यावर त्याचं काय करायचं, हेही त्यातूनच कळतं.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. अमेरिका आणि कॅनडातल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांवरही शरद ऋतू हाच बड्या माशाचा हंगाम मानतात. तिथल्या गळवाल्यांचा लाडका मासा म्हणजे वॉलआय. मिनेसोटा राज्यानं 1965 मध्ये त्याला आपला राज्यमासा ठरवलं. सोनेरी-हिरवट अंगाचा, दातेरी, लांबट असा हा शिकारी मासा. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागं प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ते अशाच थरामुळं. आलेला थोडासा उजेड या थरावर आपटून परत डोळ्यातल्या पेशींवर पडतो, म्हणजे एकाच उजेडाचा दोनदा उपयोग होतो. त्यामुळं संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात, लाटांनी उजेड मोडलेला असताना वॉलआयला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. जाणकार म्हणूनच त्याच्या मागं सूर्य मावळताना निघतात.

उन्हाळ्यात त्या सरोवरांत पाण्याचे थर झालेले असतात: वर ऊबदार हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि दोघांची सरमिसळ जवळजवळ नाही. शरदात वरचं पाणी थंड होत होत खालच्याच्या बरोबरीला येतं, वाऱ्यानं सगळं सरोवर तळापासून ढवळून निघतं आणि मासे पुन्हा सगळीकडं फिरू लागतात. पुढं चार-पाच महिने बर्फ. बर्फ वितळताच, वसंतात, वॉलआय अंडी घालणार. ती अंडी माद्यांच्या पोटात शरदापासूनच भरू लागतात. मोठ्या माद्या या काळात अधाशासारख्या खातात ते येणाऱ्या बाळंतपणासाठी. सगळ्यांत मोठे वॉलआय या माद्याच असतात, कारण या जातीत मादी नरापेक्षा बरीच मोठी होते.

आपल्याकडं मासा शरदातच गळाला लागतो, पण त्यामागचं कारण बरोबर उलटं आहे.

बेळगाव-निपाणीकडच्या नद्यांत ऑक्टोबरचं पाणी जुलैच्या पाण्यापेक्षा फार थंड झालेलं नसतं. बदलते ती पातळी, बदलतो तो रंग, आणि बदलते पाण्यातली वस्ती. आपल्या बहुतेक मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांचं लग्न-बाळंतपण पावसाळ्यात उरकतं. पहिल्या जोरदार पावसानं ओढे नदीला मिळाले, की नव्या पाण्याच्या वासानं मासे प्रवाहाच्या उलट निघतात. चढणीचे मासे म्हणून कोल्हापूर-आजऱ्यापासून चंदगड-खानापूरपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. ते भाताच्या खाचरात शिरतात, बुडालेल्या गवतात शिरतात, आणि तिथं अंडी टाकतात. उथळ, ऊबदार, किडामुंगीनं भरलेलं पाणी पिल्लांना वाढवतं. सप्टेंबरात पाणी ओसरू लागलं की हे सारं परत मुख्य पात्रात आणि धरणात येतं.

म्हणजे ऑक्टोबरात परिस्थिती अशी असते. मोठे मासे दोन-तीन महिन्यांच्या चढणीनं आणि अंडी टाकण्यानं झिजलेले, पाठीवरचं मांस उतरलेलं. समोर बोटाएवढ्या पिल्लांचे थवेच्या थवे. पाणी इतकं निवळलेलं, की शिकाऱ्याला भक्ष्य दिसावं, पण इतकंही नितळ नाही, की भक्ष्याला शिकारी लांबून दिसावा. आणि काठाचं गवत अजून पाण्यात, त्यामुळं दबा धरायला जागा मुबलक. वॉलआय खातो ती पुढची तयारी. आपला मासा खातो ती मागची भरपाई.

या फरकाचा माझ्या दृष्टीनं फार मोठा अर्थ आहे. मिनेसोटात शरदात मारलेली मोठी मादी पोटातल्या, अजून न घातलेल्या अंड्यांसह जाते. आपल्याकडं ऑक्टोबरात गळाला लागलेल्या मादीनं त्या वर्षापुरती आपली अंडी नदीला देऊन टाकलेली असतात. गळ टाकायचाच असेल तर आपल्या नद्यांत शरदाइतका निर्दोष काळ दुसरा नाही. आणि मृगापासून आश्लेषापर्यंत, मासा चढत असताना, ओढ्याच्या तोंडाशी जाळं, टोपली, करंट किंवा जिलेटिन घेऊन उभं राहणं याइतकं घातक दुसरं काही नाही. चढणीचा मासा चवीला चांगला लागतो याचं कारण त्याच्या पोटातली गाभोळी. तीच पुढच्या वर्षांची नदी असते.

आता शिवड्याकडं वळू. कानडी बोलणारे शेजारी याला बाळे म्हणतात. शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू. पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंत हा पसरलेला आहे आणि कृष्णेच्या खोऱ्यात पूर्वापार आहे. अंगावर एकही खवला नाही. रंग पाठीवर राखाडी, पोटाकडं रुपेरी. डोकं चपटं आणि तोंडाची फाक इतकी मोठी, की ती डोळ्याच्याही मागं जाते. जबड्यात मोठे सुळे नसतात. बारीक, आत वळलेल्या दातांच्या पट्ट्याच्या पट्ट्या असतात. आत गेलेली वस्तू पुढं सरकते, मागं येत नाही. मिशांच्या दोन जोड्या: वरच्या जबड्याची लांब, खालची आखूड. पाठीवरचा पर इवलासा, पण पोटाखालचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांबलेला. हा लांब पर लहरत ठेवून शिवडा पाण्यात एका जागी तरंगत राहतो आणि मग क्षणात झेपावतो. गोड्या पाण्यातला शार्क हे त्याचं टोपणनाव त्यामुळंच.

मीटरभर लांबीचे शिवडे आपल्या नद्यांत पूर्वी नवलाचे नव्हते. दिवसा तो काठाच्या कपारीत, बुडालेल्या झाडाच्या मुळाशी, डोहाच्या सर्वांत खोल भागात पडून राहतो. उजेड गेला की उथळ पाण्याकडं येतो, कारण पिल्लांचे थवे तिथं असतात. रात्री काठालगत अचानक पाणी फुटल्याचा आवाज येतो, चिंगळ्या पावसाच्या थेंबांसारख्या वर उडतात आणि पुन्हा शांत होतं. हा आवाज ओळखायला शिकलेला माणूस निम्मा शिकारी झाला. त्या जागी लगेच गळ टाकायचा नाही. शिवडा एका काठानं हळूहळू पुढं सरकत शिकार करतो, म्हणून त्याच्या वाटेत पुढं टाकायचा.

जगाच्या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हा मासा आता असुरक्षित गटात आहे. जो मासा दर आठवड्याच्या बाजारात तुकडे करून विकला जात होता, त्याची ही नोंद वाचून मला चैन पडत नाही. कारणं दिसतातच: चढणीच्या वाटेवर उभे राहिलेले बांध, बारीक आसाची जाळी, मळीचं आणि शहरांचं सांडपाणी, आणि वाळू उपशानं बुजलेले किंवा उखडलेले डोह. शिवड्याला खोल डोह लागतो. डोह गेला की शिवडा गेला.

दुसरा मासा मरळ. याच्यावर लिहावं तेवढं थोडं, पण इथं एकच गोष्ट ठासून सांगतो. मरळीला कल्ल्यांच्या वर हवा साठवून श्वास घेण्याची वेगळी व्यवस्था असते, म्हणून ती ठरावीक वेळानं पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते, आणि म्हणूनच बाजारात ती ओल्या पोत्यात जिवंत विकता येते. पावसाळ्यात ती पाणवनस्पती बाजूला सारून घरटं करते आणि अंडी फुटल्यावर आई-बाप पिल्लांची राखण करतात. शेकडो पिल्लांचा लालसर चेंडू पाण्यावर फिरत असतो आणि खाली, दिसणार नाहीत असे, दोघं पहारा देतात. त्या थव्यात काहीही पडलं तरी ते त्याच्यावर तुटून पडतात, भुकेनं नव्हे तर रागानं. ही गोष्ट ठाऊक असणारा माणूस जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लांच्या थव्यावर गळ टाकतो आणि हमखास मोठी मरळ काढतो. मागं उरलेली पिल्लं संध्याकाळपर्यंत चिलापी आणि इतर माशांच्या पोटात जातात. याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. ऑक्टोबरपर्यंत पिल्लं पांगलेली असतात, आई-बाप मोकळे झालेले असतात. तेव्हा मरळ मागावी.

तिच्यासाठी पूर्वी जिवंत बेडूक लावत. आता रबरी बेडूक मिळतो, तो शेवाळावरून आणि कमळपानांवरून टुणटुण ओढत आणला की मरळ खालून पान फाडून येते. खऱ्या बेडकाला भाताच्या खाचरात बरीच कामं आहेत. 1987 मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात देशानं बंद केली ती याच कामांची जाणीव होऊन. रबरी बेडूक अधिक चांगला, आणि टिकतोही.

सहलीची आखणी करताना पहिला प्रश्न जागेचा, आणि जागेचा प्रश्न हा परवानगीचाही असतो. या भागात हे जरा गुंतागुंतीचं आहे, कारण नद्या राज्याची हद्द ओलांडतात. वेदगंगा पाटगावच्या डोंगरातून निघून गारगोटी, मुरगूडवरून येते आणि निपाणीच्या बाजूला कर्नाटकात शिरते. भोजजवळ दूधगंगेला मिळते. मग दोघी मिळून कृष्णेकडं जातात. माशाला यातली एकही हद्द दिसत नाही. गळ टाकणाऱ्यानं मात्र आपण कोणत्या राज्याच्या पाण्याशी उभे आहोत हे पाहून त्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडं चौकशी करावी. धरणांत आणि तलावांत मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. त्यांची परवानगी घेणं हा कायद्याचा भाग आहे आणि शेजारधर्माचाही. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपली हौस.

दोन जागा सरळ वगळाव्यात. धुपदाळच्या बंधाऱ्याभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, आणि खानापूरकडं भीमगड अभयारण्य. तिथं पाणी कितीही मोहात पाडणारं असलं तरी गळ गाडीतच ठेवावा.

आणि एक इशारा. कृष्णेत मगरी आहेत. सांगली-भिलवडीच्या बाजूला त्या नेहमी दिसतात आणि नदी तीच खाली बेळगाव जिल्ह्यात येते. कृष्णेच्या काठी रात्री गुडघाभर पाण्यात उभं राहणं, पाण्याकडं पाठ करून मासा साफ करणं, काठाला लागून झोपणं, यातलं काहीही करू नये. हिडकलच्या काठाला मगरीपेक्षा गाळाची भीती जास्त. पाणी नुकतं चढलेल्या जागी वरून कठीण दिसणारी जमीन मांडीपर्यंत आत घेते. परतीचा पाऊस वर घाटात कोसळला तर धरणातून आणि बंधाऱ्यांतून पाणी सोडलं जातं, आणि खाली आकाश निरभ्र असताना पात्र फुटाफुटानं चढतं. म्हणून पात्रातल्या खडकावर मुक्काम नको. बंधाऱ्याच्या भिंतीवर शेवाळ असतं. पोहता येणारी माणसंसुद्धा तिथूनच बुडाली आहेत. गटात एक तरी असा असावा ज्याला गळाची हौस कमी आणि इतरांवर लक्ष ठेवण्याची सवय जास्त आहे. चार-पाच जणांचा गट पुरे. त्याहून जास्त माणसं झाली की गप्पा वाढतात, बॅटऱ्या पाण्यावर फिरतात आणि शिवडा काठ सोडतो.

साहित्याचं स्तोम मी माजवणार नाही. सहा-सात फुटी मजबूत रॉड, मध्यम आकाराचं स्पिनिंग रील, चांगला वेणीचा दोरा आणि शेवटचा हातभर भाग जाड नायलॉनचा. शिवड्याच्या बारीक दातांवर घासून पातळ दोरा फार वेळ टिकत नाही. आमिषाला त्याच पाण्यातली चिंगळी किंवा छोटी चिलापी. कृत्रिम आमिषांत चमचा आणि पाण्याच्या वरच्या थरातून डुलत जाणारा लाकडी-प्लास्टिकचा मासा, दोन्ही चालतात. गळाबद्दल मात्र आग्रह धरतो. साधा इंग्रजी जे आकाराचा गळ मासा गिळतो आणि तो पोटात रुततो. टोक आत वळलेला गोल गळ, ज्याला सर्कल हुक म्हणतात, तो मासा वळल्यावर घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. हा गळ लावला असेल तर मासा लागताच जोराचा हिसका द्यायचा नसतो, नुसता दोरा ताणत जायचं. आणि गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करावा. मासा सुटण्याची भीती थोडी वाढते. पण तो सोडताना गळ एका हिसक्यात निघतो. तुमच्या बोटात रुतला तरीसुद्धा!

रात्र अमावास्येकडची बरी की पौर्णिमेकडची, यावर गटागटांत वाद होतात. कोजागरीच्या उजेडात शिवडा काठाला येत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि मरळीवाले त्याच कोजागरीची वाट पाहतात. मी अंधाराच्या बाजूचा आहे. उजेड कमी असला की मिशांच्या शिकाऱ्याचं पारडं जड होतं, एवढं तर्कानं पटतं.

मासा लागतो तेव्हा पहिली धाव रोखू नये. रीलचा ब्रेक असा लावलेला हवा की दोरा ताणावर सुटत राहील. शिवडा बुडालेल्या झाडाकडं जातो, तेवढी एक दिशा अडवायची. पण झुंज लांबवण्यात मोठेपणा नाही. मासा जितका जास्त वेळ लढतो तितकं त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि वरवर ठणठणीत पोहत गेलेला मासा काही तासांनी मरू शकतो. हलक्या दोऱ्यावर मोठा मासा तासभर खेळवल्याची बढाई ऐकतो तेव्हा मला त्या माशाची पुढची रात्र आठवते.

काठाशी आल्यावर हात ओले करून धरावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं कवच आहे. कोरडा हात, टॉवेल, गरम खडक यांनी ते खरवडलं जातं. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. पाण्यात ज्या शरीराला वजनच जाणवत नव्हतं, त्याच्या आतड्या-यकृताचा सगळा भार मग एका सांध्यावर येतो. एक हात शेपटीच्या बुडाशी, एक पोटाखाली, मासा आडवा, पाण्यापासून वीतभर वर. छायाचित्र काढणाऱ्यानं आधीच तयार राहायचं. आपण श्वास रोखून धरू शकू तेवढाच वेळ मासा बाहेर, हा हिशोब सोपा आहे आणि न्यायाचाही. नंतर तोंड प्रवाहाकडं करून धरायचा. तो स्वतःहून जोर लावेल तेव्हाच सोडायचा.

पकडून सोडायचा तर पकडायचाच कशाला, असं घरची माणसं विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मोठ्या माशाच्या शरीरात आहे. माशाचं आयुष्यभर वाढणं थांबत नाही, आणि मादी जशी मोठी होते तशी तिची अंडी वजनाच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतात. 2018 मध्ये सायन्स या नियतकालिकात समुद्री माशांच्या शेकडो जातींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॉड माशाचं उदाहरण आहे: 30 किलोची एक मादी जेवढी अंडी देते तेवढ्यासाठी 2 किलोच्या 28 माद्या लागतात. त्या 28 जणींचं मिळून वजन 56 किलो भरतं. म्हणजे काट्यावर कमी वजन, आणि संतती तेवढीच. शिवड्याची किंवा महाशीराची अशी तंतोतंत आकडेवारी इथं मांडत नाही, पण शरीराचा नियम तोच आहे. मोठी मादी अनेक दुष्काळ, अनेक जाळी, अनेक उन्हाळे टाळून इथवर आलेली असते. ती दहा वर्षांत तयार झाली आणि रविवारच्या रश्श्यात एका दुपारी संपली, तर नदीला तिची जागा भरून काढायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतात.

मिनेसोटात याचा साधा नियम केला आहे: 20 इंचांपेक्षा मोठा वॉलआय एका माणसाला एकच ठेवता येतो. मधल्या आकाराचे खा, मोठे सोडा. आपल्याकडं गटानं स्वतःच असा नियम घालून घ्यायला कुणाची हरकत असणार? आणि खायची हौस भागवायला चिलापी आहेच. आफ्रिकेतून आलेला हा मासा आपल्या धरणांत बेसुमार वाढला आहे, देशी माशांची जागा आणि खाद्य खातो. हळद-मीठ, लसूण आणि बेळगावी मिरचीचा ठेचा लावून तव्यावर भाजलेली ताजी चिलापी, सोबत गाडीतून आणलेली ज्वारीची भाकरी. शिवडा सोडल्याचं दुःख उरत नाही.

महाशीराचं नाव वर आलं, ते तसंच सोडून चालणार नाही. गळाच्या जगात भारताचं नाव आहे ते या माशामुळं. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून टॉर खुद्री या जातीचं वर्णन केलं. हा निळसर परांचा महाशीर कृष्णेच्या खोऱ्याचा, म्हणजे आपला. पुढं धरणांनी आणि प्रदूषणानं तो घटला, तेव्हा टाटांच्या वीज कंपन्यांनी लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी त्याची पैदास सुरू केली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. कृत्रिम रीतीनं महाशीराची बीजं तयार करणं हे मोठं यश होतं, आणि ही बोटुकली देशभर वाटली गेली. कावेरीतही.

कावेरीत मात्र आधीच एक महाशीर होता, कुबड असलेला, जगातला सर्वांत मोठा. 1946 मध्ये व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा महाशीर पकडला तो याच नदीच्या खोऱ्यात. भीमेश्वरी, गालिबोरे इथल्या कॅम्पवर जगभरातून माणसं त्याच्यासाठी येत आणि मासा सोडून देत. त्याच नदीत कृष्णेकडचा महाशीर सोडला गेला, वाढला, पसरला. कुबडवाला मात्र हळूहळू दिसेनासा झाला. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली, तोपर्यंत तो नामशेष होण्याच्या अगदी कडेला आला होता. चांगल्या हेतूनं एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात नेला, त्याचे हे परिणाम. हिडकलमध्ये किंवा वेदगंगेत हौसेनं कुठलीतरी बोटुकली आणून सोडणाऱ्या गटांनी हे लक्षात ठेवावं.

हा ऱ्हास जगाला कळला कसा, हे त्याहून महत्त्वाचं. त्या नदीत माशांची सरकारी मोजदाद फारशी नव्हती. गालिबोरेच्या कॅम्पवर पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची वही ठेवलेली होती. 1998 ते 2012 अशा वर्षांच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा एका जातीची चढती आणि दुसरीची उतरती रेषा कागदावर उभी राहिली. हौशी माणसांनी रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या ओळी पुरावा ठरल्या.

वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभेवरच्या गटांनी अशी वही याच शरदात सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं. त्यात लिहायचं थोडंच असतं. तारीख आणि वेळ. नदी, आणि जवळचं गाव किंवा बंधारा. पाण्याचा रंग आणि धरणाची त्या दिवशीची पातळी. किती गळ किती तास पाण्यात होते. हे विसरू नये, कारण रिकाम्या रात्रीची नोंदही तेवढीच मोलाची असते. माशाची जात, नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि टेपशेजारी ठेवून काढलेला एक फोटो. सोडला की ठेवला. जात ओळखता आली नाही तर तसं लिहावं आणि फोटो एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवावा. वही गटाची असावी, एकट्याची नको. माणूस बदलीवर जातो, गट राहतो. आणि तिची एक प्रत मत्स्यव्यवसाय खात्याच्या तालुका कार्यालयात दर वर्षी दिवाळीनंतर द्यावी, मग तिथं कुणी ती लगेच उघडो वा न उघडो.